खासदारबाईंचा नवरा

पक्षाचे दोन पुढारी आमच्या कडावच्या घरी आले, तेव्हा मी ओसरीवर सहावीच्या मुलांची चित्रं तपासत बसलो होतो. कर्जतच्या एका शाळेत मी चित्रकलेचा मास्तर. मुलांना 'माझा आवडता सण' हा विषय दिला होता आणि निम्म्या वर्गाने होळी काढून ठेवली होती, त्यामुळे माझी बोटं लालपिवळी झाली होती. तशाच हातांनी मी नमस्कार केला.

एक पुढारी कर्जतचा, दुसरा खालापूरचा. हे दोघे एकाच जीपमधून उतरले हीच मुळात गावासाठी बातमी होती. दोघांनाही लोकसभेचं तिकीट हवं होतं, दोघेही एकमेकांना ते मिळू देत नव्हते, आणि वरून निरोप आला होता की तुम्ही दोघे बाजूला व्हा आणि तिसरं नाव द्या. माझी बायको त्यावेळी जिल्हा परिषदेवर होती. तिच्या नावाला दोघांचीही हरकत नव्हती, कारण दोघांनाही ती पडेल अशी खात्री होती. हे मला अर्थात नंतर कळलं.

चहा झाल्यावर खालापूरकरांनी घसा साफ केला.

"सर, वहिनींना लोकसभेला उभं करायचं म्हणतोय आम्ही. तुमची परवानगी हवी."

"माझी कशाला?" मी म्हणालो. "तिला विचारा. ती गोठ्यात आहे."

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं. मी सभ्यपणे नकार देतोय असं त्यांना वाटलं असावं.

"तसं नाही सर, घरातल्या कर्त्या माणसाचा शब्द..."

"कर्तं माणूसच गोठ्यात आहे."

मग पांढरे पायजमे वर धरून दोघे गोठ्यात गेले. मीही मागोमाग गेलो, कारण हे बघायचं राहून गेलं असतं तर मला जन्मभर रुखरुख लागली असती. ती म्हशीखाली बसली होती. म्हैस पान्हवली होती, त्यामुळे धार सोडून उठणं शक्य नव्हतं. देशाचं राजकारण, मतदारसंघाचं गणित, महिलांना संधी, हे सगळं त्या दोघांनी तिच्या पाठीला सांगितलं. ती धार काढत राहिली. बादली भरली, ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "मी पडले तर?"

"पडलात तर पडलात, वहिनी. त्यात काय एवढं."

"आन् निवडून आले तर?"

तो विचारच त्यांनी केला नव्हता. ती माझ्याकडे वळली.

"अहो, मी दिल्लीला गेले तर म्हशींचं कोन बघनार?"

"मी," मी म्हणालो. तोवर मी आयुष्यात म्हशीला हात लावला नव्हता. ती इतकी मोठ्याने हसली की म्हशीने मान वळवून पाहिलं.

तिचं माहेर पोशीर. भातशेती करणाऱ्या बापाची चौथी मुलगी, मॅट्रिक झालेली, कुठेही गेली तरी पोशीरचंच बोलणारी. लग्नानंतर वर्षभर मी तिचं 'हाय-नाय' सुधारायचा प्रयत्न केला. एक दिवस भर वर्गात माझ्याच तोंडून "रंग हाय का रं?" असं निघालं आणि मुलं खदखदली, तेव्हा मी तो नाद सोडून दिला.

आमचा मतदारसंघ अर्धा घाटाखाली, अर्धा घाटावर. खालच्या भागात तिला ओळखणारे थोडेफार होते, घाटावर कुणीच नव्हतं. ती भाषण करत नसे. गावात गेली की कुणाच्या तरी ओट्यावर टेकायची आणि विचारायची, "काय चाललंय?" मग तासभर ऐकून घ्यायची. कार्यकर्त्यांचा जीव वरखाली व्हायचा, पुढच्या सभेला उशीर व्हायचा, पण लोक बोलत सुटायचे. माझी अवस्था वेगळीच होती. मी कुठेही दिसलो की लोक पुष्पगुच्छ माझ्याच हातात द्यायचे. घाटावरच्या एका सभेत एका उत्साही कार्यकर्त्याने माझी ओळख "आपल्या उमेदवाराचे मालक" अशी करून दिली. मी माइकपाशी जाऊन म्हणालो, "मालक नाही हो, मी त्यांच्याकडे भाडेकरू आहे." हशा झाला, टाळ्या पडल्या. त्यानंतर मला स्टेजवर बोलवणं बंद झालं, ते बरंच झालं.

ती निवडून आली. मोजणीच्या ठिकाणी त्या दोन पुढाऱ्यांनी तिला हार घातला. हसणं कसंबसं जमवून आणल्यासारखे दोघांचे चेहरे होते.

घरी मात्र खरी परीक्षा माझी होती. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिच्या वेण्या घालायला मी चित्रकलेतला सगळा अनुभव पणाला लावला तरी एक वेणी वर आणि एक खाली यायची. तांदळाची भाकरी थापायला महिना लागला. म्हशींना जास्त वेळ लागला. त्या माझ्या हाताला दूधच देईनात. शेवटी एकदा सहज शीळ घालत बसलो आणि म्हैस पान्हवली. तेव्हापासून आमच्या गोठ्यात रोज दोन वेळा शीळ वाजू लागली, आणि रस्त्याने जाणारे म्हणू लागले, "खासदारबाईंचा नवरा धारेला बसला वाटतं."

दिल्लीत तिला सरकारी फ्लॅट मिळाला. पहिल्या हिवाळ्यात ती दोन स्वेटरवर साडी नेसून सभागृहात जायची. तिथला लांबट तांदूळ काही तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून ती प्रत्येक अधिवेशनाला कडावचा तांदूळ घेऊन जाऊ लागली. त्या तांदळाने तिला एक मित्र मिळवून दिला. वरच्या मजल्यावर ईशान्येकडच्या डोंगराळ राज्यातले एक वयस्क खासदार राहायचे. एका छोट्या पक्षाचे ते एकटेच. एका संध्याकाळी शिजत्या भाताच्या वासावर ते खाली उतरले आणि दारात उभे राहून मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये हमारे घर जैसा सुगंध है." तिने पाट मांडला. तिची हिंदी त्यांच्याहून मोडकी. पण भात, शेत, रानडुकरं आणि लेकीसुना या विषयांना भाषा फारशी लागत नाही. पुढे दर आठवड्याला एकदा ते जेवायला यायचे आणि येताना त्यांच्याकडची अशी तिखट मिरची आणायचे की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते समाधानाने मान हलवायचे.

पहिली पाच वर्षं शिकण्यात गेली. दुसऱ्यांदा निवडून आली ती मात्र चांगल्या मतांनी. त्याच काळात कशेळ्याच्या वरच्या डोंगरातली एक वाडी तिच्या डोक्यात शिरली.

वाडीत घरटी एक असे मोबाईल नुकतेच आले होते, पण रेंज कुठेच नव्हती. वाडीच्या वर एक मोठा खडक होता, त्याच्या टोकावर उभं राहून हात उंच केला तर कधीकधी लागायची. सगळे त्याला 'फोनचा दगड' म्हणायचे. एका पावसाळी दुपारी तिथली एक सून अडली. नवरा भर पावसात दगडावर चढला, फोन हातात धरून उभा राहिला, रेंज आली नाही. शेवटी माणसांनी तिला झोळीत घालून खाली आणायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेवर आंब्याखाली ती बाळंत झाली. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. नशीब चांगलं, आई आणि मूल दोन्ही सुखरूप राहिली. आठवड्याने माझी बायको तिथे गेली, तेव्हा त्या सुनेने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यो अजून दगडावरच हाय." सगळी वाडी हसली. माझी बायकोही हसली. पण घरी येऊन जेवताना तिने भाताला हात लावला नाही.

"हे संसदेत बोलनार," ती म्हणाली.

लोकसभेत शून्य प्रहर नावाचा प्रकार असतो. आदल्या दिवशी अर्ज द्यायचा, चिठ्ठीत नाव निघालं तर आपल्या भागातला तातडीचा प्रश्न दोन-तीन मिनिटांत मांडायचा. तिचं नाव काही केल्या निघेना. अधिवेशन संपत आलं तेव्हा निघालं. मराठीत बोलायचं तर आधी कळवावं लागतं, म्हणजे भाषांतरकार तयार राहतो आणि बाकीचे कानाला हेडफोन लावून आपल्या भाषेत ऐकतात. तिने कळवलं. आदल्या संध्याकाळी फोनवर मी तिच्याकडून भाषण घोटून घेतलं. 'आहे', 'नाही', 'म्हणतात', सगळं स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी स्टाफरूममधला टीव्ही लावला. सगळे शिक्षक गोळा झाले. अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं आणि माझ्या हातातला खडू मोडला.

"अध्यक्ष महोदय," तिने सुरुवात केली, "माझ्या मतदारसंघात डोंगरात एक वाडी आहे. तिथे लोकांकडे फोन आहेत, परंतु रेंज नाही." इथपर्यंत पुस्तकासारखं. मग बहुधा तिला तो पाऊस आठवला, ती सून आठवली आणि आमचा आदल्या दिवसाचा सगळा अभ्यास वाहून गेला.

"बाय अडली हाय! नवरा दगडावर उभा हाय! हातात फोन हाय, पन रेंज नाय!"

ती सत्ताधारी बाजूची. समोरच्या विरोधी बाकांवर अर्ध्यांनी हेडफोन लावलेच नव्हते. त्यांच्या कानावर एवढंच पडलं की सत्ताधारी पक्षाची एक बाई हात उगारून एकामागून एक 'हाय' म्हणते आहे. असे कान वर्षानुवर्षं तयार झालेले असतात. मागच्या बाकावरून एकाने साथ दिली, "हाय हाय!" दुसऱ्याने दिली. क्षणात सगळी बाजू उभी राहिली.

तिला वाटलं, विरोधक आपल्याला पाठिंबा देतायत. तिला स्फुरण चढलं.

"सरकारचा टावर कुठं हाय?"

"हाय हाय!" सभागृह दणाणलं.

टीव्हीवर तिच्या पक्षाच्या लोकांचे चेहरे दिसत होते. आमच्या स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मला हसू येत नव्हतं. अध्यक्ष "शांत रहिए, शांत रहिए" म्हणत होते, आणि तिच्या तोंडावरचा गोंधळ मला तिथून, कर्जतहून, कळत होता. काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात आलं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात विरोधी बाकांच्या कडेला तिचे ते भातवाले मित्र उठले. त्यांच्या कानाला हेडफोन होता. ते नुसते उभे राहिले. वयाचा मान म्हणून हळूहळू आवाज खाली आला. मग त्यांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "ये बहनजी नारा नहीं दे रही हैं. मैंने सुना है. एक औरत का बच्चा रास्ते में हुआ, क्योंकि फोन नहीं लगा. मेरे पहाड़ में भी ऐसा पत्थर है. आप लोग कान में लगाकर सुनिए."

सभागृहात हेडफोन उचलल्याचा खडखडाट झाला. अध्यक्षांनी तिला पुन्हा बोलायला सांगितलं. ती पहिल्यापासून बोलली, आणि यावेळी 'आहे'च्या वाटेलाच गेली नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"अहो, माझं 'आहे' कुठं गेलं हो?"

"जाऊ दे," मी म्हणालो. "प्रश्न पोचला ना?"

प्रश्न पोचला, पण आधी बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी छापलं की सत्ताधारी खासदारानेच सरकारविरोधात घोषणा दिल्या. पक्षाच्या मोठ्या नेत्याने तिला बोलावून घेतलं. ती सरळ म्हणाली, "साहेब, आमच्याकडं 'है'ला 'हाय' म्हनतात. त्याला मी काय करू?" नेता आधी गंभीर होता, मग त्याचं पोट हलायला लागलं. त्याने तिथूनच संबंधित मंत्र्याला फोन लावला. एरवी ज्या कामाला कैक वर्षं लागली असती, त्याला मंजुरी त्याच महिन्यात मिळाली. चांगल्या भाषणाने हे झालं असतं असं मला वाटत नाही.

टॉवरचं सामान वर न्यायला रस्ता नव्हता. लोखंडाचे तुकडे वाडीच्या लोकांनीच मजुरीवर खांद्यावरून चढवले. मी दोन रविवार वर जाऊन त्याची रेखाटनं केली. पायवाटेवर माणसांची रांग, प्रत्येकाच्या खांद्यावर लोखंड. टॉवर उभा राहिला, लाल-पांढरा रंग लागला, तिने नारळ फोडला. विजेची तार तेवढी यायची होती. "महिन्याभरात येईल," असं सांगण्यात आलं. मग निवडणुका लागल्या.

त्या निवडणुकीत ती पडली.

खालापूरचे एक मंडपवाले चाचा आहेत. त्यांचे पूर्वज किनाऱ्याकडून आले, पण मंडपाच्या धंद्यात त्यांचा शब्द घाटापर्यंत चालतो. आधीच्या दोन्ही मोजण्यांना त्यांनी आमच्या शेतात मंडप घातला होता, म्हणून याही वेळी न विचारता घातला. दुपारपर्यंत निकाल कळला. चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, मंडप काढू की ठेवू? आचारी विचारतोय. जेवन तयार हाय, जिलबीसकट."

मी काही बोलायच्या आत तिने आतून ऐकलं.

"चाचा, जेवन कोनासाठी केलंय?"

"लोकांसाठी, ताई."

"मग लोक हायेत की. वाढा."

आणि पंगत बसली. वरणभात, वालाचं बिरडं, जिलबी. ती स्वतः वाढत फिरली. एक कार्यकर्ता ढसाढसा रडत होता आणि रडता रडता दुसऱ्यांदा जिलबी मागत होता. रस्त्याने विरोधकांची विजयी मिरवणूक चालली होती, त्यातले काहीजण बिरड्याच्या वासाने ओशाळत आत आले. तिने त्यांनाही बसवलं. चाचांनी शेवटपर्यंत पैशांचं नाव काढलं नाही, मीच त्यांच्या मागे लागून दिले.

सगळे गेल्यावर, दिवस कलताना, ती बादली घेऊन गोठ्यात गेली. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी गेलो. ती म्हशीखाली बसली होती, बादली रिकामी. म्हैस इकडून तिकडे पाय आपटत होती. इतकी वर्षं तिने माझाच हात ओळखलेला.

"ही बी मला वळखत नाय," ती म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली. पदर तोंडावर धरून, लहान मुलीसारखी.

मी तिच्या शेजारी शेणाच्या जमिनीवर टेकलो. मग शीळ घालायला लागलो. रोजची ती एकच चाल. थोड्या वेळाने म्हैस शांत झाली आणि बायकोच्या हाताला धार आली. ती धार काढत राहिली आणि मी शीळ घालत राहिलो, बादली भरेपर्यंत.

पुढच्याच आठवड्यात ती म्हणाली, "वाडीवर जाऊ." मी म्हणालो, "आता कशाला?" ती म्हणाली, "मत मागायला जाते, तसं पडल्यावरबी जावं." आम्ही चढून गेलो. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई अंगणात मोहाची फुलं निवडत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाय, आमी तुला मत नाय दिला."

"का गं?"

"तो दुसरा कंदी आलाच नाय. त्याचा राग कशापायी धरावा? तू आलीस आन् मुका खांब ठेवून गेलीस."

विजेची तार आलेलीच नव्हती. टॉवर नुसता उभा होता आणि त्यावर कावळे बसत होते. माझ्या बायकोने वर त्या कावळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरोबर हाय तुजं," आणि म्हातारीच्या शेजारी बसून मोह निवडायला लागली.

त्यानंतरची पाच वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात मजेची. पक्षाची गाडी गेली होती, माणसं पांगली होती. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी शाळेतून मोकळा झालो की आम्ही माझ्या स्कूटरवरून तारेच्या मागे फिरायचो. एका कचेरीतून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. तार जंगलातून जाणार, म्हणून एकाची परवानगी हवी. खांब उतारावर येणार, म्हणून दुसऱ्याची. पूर्वी तिच्यासाठी दार उघडणारा शिपाई आता "बसा" म्हणायचा आणि आत निघून जायचा. ती बाकावर बसायची, शेजाऱ्याला विचारायची, "तुमचं काय काम हाय?" तासाभरात बाकावरच्या सगळ्यांची कामं तिला पाठ झालेली असायची. साहेबांनी आत बोलावलं की ती आधी त्यांची सांगायची आणि मग आपली. मी वैतागायचो.

"अगं, आधी आपलं बोल की."

"आपन काय, उद्याबी येऊ. त्या म्हाताऱ्याला परत यायला जमनार नाय."

येताना आम्ही कुठेतरी भजी खायचो. लग्नाच्या सुरुवातीला घरात माणसांचा राबता होता, नंतर दिल्ली आली. एवढं सलग एकमेकांशी आम्ही आधी कधी बोललोच नव्हतो. तिला सिनेमातला 'सुखाने नांदू लागले'छाप शेवट आवडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मला उंचीची भीती वाटते, हे तिला.

तार शेवटी वाडीवर पोचली. ती पोचली त्या दिवशी आम्हाला कुणी कळवलंही नाही. मी घरी भाकरी थापत होतो, माझा फोन वाजला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग म्हातारीचा आवाज.

"बाय हाय का?"

"आहे. बोलावतो. काय झालं?"

"काय नाय. यो बोलतंय का, ते बघत होते."

फोन बंद. त्या दुपारी तिने आणखी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा एवढंच विचारलं. चौथ्यांदा माझी बायकोच तिच्याशी अर्धा तास बोलत बसली, आणि ते ऐकण्यात माझी भाकरी तव्यावर करपली.

पुढची निवडणूक तिने जिंकली, त्यानंतरचीही. वाडीच्या मतांनी नव्हे, ती मूठभर होती. का जिंकली, हे मला नीट सांगता येणार नाही. कर्जत-खालापूरमध्ये ज्याला विचाराल तो वेगळं कारण सांगतो. बाकावर भेटलेल्यांपैकी बरेच जण प्रचारात दिसले, एवढं खरं.

नंतरच्या काळात ती जुन्याजाणत्यांत मोडू लागली. नवे खासदार तिच्याकडे भात खायला यायचे आणि कोणत्या समितीत काय चालतं ते विचारायचे. भातवाले मित्र तोवर गेले होते. त्यांच्या दिवसकार्याला ती त्यांच्या डोंगरात, त्यांच्या घरी गेली, सोबत कडावचा तांदूळ घेऊन. तिथे कुणालाच तिची भाषा येत नव्हती. तिने चूल मागितली आणि भात रांधला. परत आल्यावर मला म्हणाली, "त्यांच्याकडंबी तसाच दगड हाय हो. मी चढून आले."

गेल्या निवडणुकीच्या आधी पक्षाचे लोक पुन्हा आले. आता सगळे नवीन, तरुण. तिने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांनी बराच आग्रह केला. ते गेल्यावर मी विचारलं, "खरंच नको? का गं?"

"मला आता सभागृहात झोप येते," ती म्हणाली. "झोपनाऱ्यांना मी आयुष्यभर हसले. आता आपन झोपायचं म्हनजे बरं दिसत नाय."

ती घरी आली आणि आमची पहिली खरी भांडणं सुरू झाली. स्वयंपाकघर आता माझं होतं. हळदीचा डबा कुठे, तवा कोणत्या खिळ्याला, हे सगळं मी ठरवलेलं. ती तो तवा दुसऱ्या खिळ्याला लावायची. मी परत जागेवर लावायचो. आठवडाभर आम्ही दोघे एका तव्यावरून अबोला धरून होतो आणि लेक फोनवर दोघांनाही वेगवेगळं समजावत होती. शेवटी सकाळ तिची आणि संध्याकाळ माझी असं ठरलं. तव्याला दोन खिळे झाले.

या हिवाळ्यात मी तिला म्हणालो, "एवढी वर्षं तू दिल्लीला गेलीस, मला धड दाखवलं काहीच नाहीस." ती म्हणाली, "चला." नव्या खासदारांनी आमचे गॅलरीचे पास काढून दिले. माजी खासदार म्हणून ती वेगळ्या दाराने जाऊ शकली असती, पण म्हणाली, "तुमच्यासंगंच जाते." रांगेत शाळेची मुलं होती, आमच्यापुढे राजस्थानातलं एक कुटुंब होतं. नवी इमारत तिलाही फारशी सवयीची नव्हती, दोनदा चुकीच्या जिन्याकडे वळली. फोन, पिशव्या सगळं बाहेर ठेवून आम्ही वर जाऊन बसलो.

खाली शून्य प्रहर चालू होता. माझ्या कानाशी तिचं सुरू झालं. "तो बघा, तो नुसता वाचतोय. ती बघा, हुशार हाय ती, पन मुद्द्यावर येत नाय. आता अध्यक्ष घंटी मारनार. बघा, मारली की नाय? ह्यानं आधी आकडा सांगायला नको होता..."

पाठीमागून एक तरुण शिपाई वाकला आणि अगदी अदबीने कुजबुजला, "माताजी, यहाँ बात करना मना है."

ती वळून त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने पदर तोंडावर घेतला, मान डोलावली आणि गप्प बसली. पण फार वेळ तिला जमेना. खाली कुणी चुकलं की ती माझ्या मनगटाला चिमटा काढायची. त्या दिवशी खाली बरेच जण चुकले. बाहेर आलो तेव्हा माझं मनगट लाल झालं होतं आणि तिला कडकडून भूक लागली होती.